आईच्या नावाचा दगड

दवाखान्यात न्यायची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. गाडी यायला थोडा अवकाश होता, म्हणून चिठ्ठीमावशी हातात माळ घेऊन खुर्चीत बसली होती. बोटांखालचे मणी पुढे सरकत होते, मन मात्र जागचं हलत नव्हतं. उद्या सकाळी तिची छाती उघडणार होते. हृदयातली एक झडप इतकी आवळली होती की जिना चढताना तिला मध्येच भिंतीचा आधार घ्यावा लागे, आणि परवा तर चहा गाळता गाळता ती ओट्यापाशी खालीच बसली होती. औषधं देऊन झाली, आता नवी झडप बसवल्यावाचून इलाज नाही, असं डॉक्टरबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. मावशीनं सगळा भार देवावर टाकला होता आणि "बरं" म्हटलं होतं. मनाची कशीबशी बांधाबांध करून ती तयार झाली होती.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलगा जवळजवळ धावतच बाहेर आला. एका हातात फोन, चष्मा कपाळावर.

"आई! झालं! नाव पक्कं झालं!"

"कुणाचं रे?"

"तुझं! आपल्या दगडाला तुझं नाव मिळालं. आज जाहीर झालं बघ!"

"अगं बाई, आजच?" सून थर्मास घेऊन स्वयंपाकघरातून आली. "आई, अहो, तुम्ही आता आभाळातल्या झालात!"

मावशीच्या बोटांतला मणी तिथेच थांबला.

हा दगड कुठला, ते आधी सांगायला हवं.

मावशीनं सगळी नोकरी बस डेपोत काढली. फाटकाजवळच्या एका खोलीत बसमध्ये विसरलेल्या वस्तू जमा होत, आणि ती खोली मावशीच्या ताब्यात होती. छत्र्या, जेवणाचे डबे, एकेकट्या चपला, एकदा तर रुमालात गुंडाळलेली कवळी. कंडक्टर वस्तू आणून द्यायचा, मावशी तिला जाड कागदाची चिठ्ठी दोऱ्यानं बांधायची. पहिल्या दिवशी चिठ्ठीवर फक्त नंबर. कुणी येऊन "ही माझी छत्री" म्हटलं म्हणून ती लगेच द्यायची तिची रीत नव्हती. मूठ कसली, आत काडी कुठली वाकलेली, कुठल्या गाडीत बसला होतात, असं चहूबाजूंनी विचारून खातरजमा झाली, की मगच ती नंबराच्या खाली माणसाचं नाव लिही. कवळीवाल्या आजोबांना मात्र तिनं काहीच विचारलं नव्हतं. "तोंड उघडा," एवढंच म्हणाली होती. या चिठ्ठ्यांमुळेच डेपोत तिला चिठ्ठीमावशी म्हणू लागले, आणि पुढे शेजारपाजारीही तेच नाव रूढ झालं.

नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर. तो गेला तेव्हा मुलगा जेमतेम शाळेत जाऊ लागला होता. तिनं एकटीनं त्याला वाढवलं. आता तो चष्म्याच्या दुकानात नंबर काढायला बसे आणि सुट्टीच्या दिवशी आकाश बघणाऱ्या हौशी मंडळींबरोबर गावाबाहेरच्या टेकडीवर जाई. तिथे त्यांची दुर्बीण होती. आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळानं फोटो काढायचे आणि मग संगणकावर एकापाठोपाठ एक बघत बसायचं. तारे जागच्या जागी राहतात, पण एखादा ठिपका सरकतो. तो असतो लघुग्रह, सूर्याभोवती फिरणारा दगड. असा एक सरकता ठिपका, आधी कुणालाच न दिसलेला, मावशीच्या मुलाला दिसला होता.

"मग दे की त्याला नाव," मावशी तेव्हा म्हणाली होती.

"लगेच नाही देता येत गं. आधी तात्पुरता नंबर. गाडीच्या नंबरासारखा, साल आणि अक्षरं. मग तो पुन्हा पुन्हा दिसायला हवा. त्याची वाट पक्की कळली, की कायमचा क्रमांक. आणि त्यानंतर शोधणाऱ्याला नाव सुचवायचा हक्क."

"म्हणजे माझ्यासारखंच की! एकदा दिसला म्हणून सापडला असं होत नाही."

काही वर्षांनी कायमचा क्रमांक मिळाला. त्या आठवड्यात घरात जेवताना दुसरा विषयच नव्हता. नियम मुलगा वाचून दाखवी आणि या दोघी त्याची टिंगल करीत. नाव फार लांब नको, कुणाला लागेल असं नको, आधीच्या नावाशी मिळतंजुळतं नको. सून औषधांच्या दुकानात कामाला होती. ती म्हणाली, "आमच्या दुकानाचं द्या, फुकटात जाहिरात." धंद्याची नावं चालत नाहीत म्हटल्यावर ती म्हणाली, "मग मांजरीचं द्या." पाळीव प्राण्यांची नावंही समितीला आवडत नाहीत. "पुढाऱ्यांची?" "पुढारी मरून शंभर वर्षं झाल्यावर." मावशीनं हात जोडले. "हा नियम मात्र शहाण्या माणसानं केलेला दिसतो."

मुलगा सांगे, सुरुवातीला या दगडांना देवतांचीच नावं देत. मग दगड इतके सापडले की देवता संपल्या. "संपतील कशा?" मावशी फणकाऱ्यानं म्हणाली होती. "आम्हाला विचारायचं होतं." आता गुरूच्या वाटेवरून फिरणाऱ्या कितीतरी दगडांना जुन्या ग्रीक युद्धातल्या वीरांची नावं आहेत. बाकीच्यांना गावांची, नद्यांची, शास्त्रज्ञांची, शिक्षकांची. आणि प्रत्येक नावाबरोबर चार ओळी, हे नाव का दिलं त्याच्या. नाव सुचवायचा हक्क दहा वर्षं टिकतो, म्हणून मुलगा निवांत होता. "घाई काय आहे?" म्हणे.

आणि आज, ऐन दवाखान्याच्या वाटेवर, ही बातमी.

"माझं नाव?" मावशीनं हळूच विचारलं. "दगडाला?"

"चार ओळीही छापून आल्यात. ऐक ना. शोधकाची आई. लोकांच्या हरवलेल्या वस्तू त्यांना परत मिळवून देणं हे तिचं काम."

"मला न विचारता दिलंस?"

"अगं, तुला चकित करायचं होतं!"

"काढता येईल?"

मुलगा हसला, पण आईच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि त्याचं हसू मावळलं. "एकदा जाहीर झालं की ते नाव काढत नाहीत. का गं? आवडलं नाही?"

खाली गाडीचा हॉर्न वाजला. मावशी उठली. सून पिशवी घेऊन पुढे झाली. सबंध रस्ताभर मावशी खिडकीबाहेर बघत राहिली, आणि सुनेनं दोनदा विचारलं तरी नुसती मान हलवत राहिली.

दवाखान्यातली खोली तिसऱ्या मजल्यावर होती. पांढरी चादर, खिडकीत वाळकी कुंडी, भिंतीवर थुंकू नये अशी पाटी. सिस्टर हसतमुख होती. तिनं रक्तदाब घेतला, पंखा बारीक केला, आणि मावशीच्या मनगटावर प्लास्टिकची पट्टी बांधली. पट्टीवर नंबर, त्याच्याखाली मावशीचं नाव.

मावशी पट्टीकडे टक लावून बघत राहिली. मग तिनं उशाजवळची शाल ओढून घेतली आणि पाय खाली सोडले.

"मला घरी जायचंय."

"अहो आजी, उद्या सकाळी पहिला नंबर तुमचाच आहे," सिस्टर म्हणाली.

"असू दे. मला नाही करायचं."

मुलगा आणि सून एकमेकांकडे बघू लागले. "आई, भीती वाटतेय का?" मुलानं विचारलं. "सगळ्यांनाच वाटते. डॉक्टरबाईंचा हात—"

"डॉक्टरबाईंबद्दल मी एक शब्द बोलले का? मला घरी ने."

मग तासभर समजावणं चाललं. सुनेनं औषधांच्या दुकानातल्या अनुभवावरून सांगितलं की अमक्या काकांची झडप बसवून किती वर्षं झाली आणि ते आता बाजारात हुज्जत घालत हिंडतात. मुलानं आपल्या परीनं गळ घातली. मावशीनं दोघांनाही ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी सूनच तिच्या शेजारी पलंगावर बसली आणि म्हणाली, "आई, सकाळपासून तुमचं काहीतरी बिनसलंय. त्या दगडामुळे का?"

"जिवंत माणसाचं नाव दगडाला देतात का गं कधी?"

"देतात!" मुलगा उसळून म्हणाला. फोन काढून भराभर दाखवू लागला. "हे बघ, या बाई शाळेत शिकवतात. हे गृहस्थ दुर्बिणी दुरुस्त करतात. ही तर कॉलेजातली पोरं आहेत, विज्ञानाच्या स्पर्धेत पहिली आलेली. सगळी हिंडती-फिरती माणसं आहेत, आई."

"त्यातल्या कुणाचं उद्या सकाळी ऑपरेशन आहे?"

त्यानं फोन खिशात ठेवला.

डॉक्टरबाई संध्याकाळच्या फेरीला आल्या. बुटक्या, भराभर चालणाऱ्या, कामापुरतं बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्टूल ओढून मावशीसमोर बसल्या.

"मावशी, तुमच्या मनाविरुद्ध मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. पण खोटा धीरही देणार नाही. ही झडप आता कधी दगा देईल ते मला सांगता येत नाही. घरी गेलात तर तुमचा जिना तुम्हाला चढता येईल याची खात्री मी देत नाही. सकाळी सिस्टर विचारायला येईल. हो की नाही, तेवढं सांगा."

त्या गेल्या. सिस्टरनं दिवा लावला.

मग मावशी बोलायला लागली, मुलाकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत.

"तुझ्या बाबांची बस पुलावरून खाली गेली, एवढंच तुला माहीत आहे. ते लगेच गेले नाहीत. तीन दिवस होते दवाखान्यात. तुला आत्याकडे ठेवलं होतं. मी त्यांच्याजवळ. डोळे उघडायचे, माझा हात दाबायचे. मी देवाला सांगत होते, एवढा एक माणूस ठेव, बाकी काही नको. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांचे कपडे आणायला घरी निघाले. वाट डेपोवरूनच. फाटकाशी तो दगड आहे ना, कामावर असताना गेलेल्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या नावांचा? त्यावर राहिलेली नावं कोरायला त्या आठवड्यात पाथरवट बोलावला होता. मी फाटकाशी आले, आणि बघते तर शेवटच्या ओळीत तुझ्या बाबांचं नाव. ताजं. खाली दगडाचा भुगा पडलेला. आणि ते तिकडे श्वास घेत होते."

सुनेनं तोंडावर हात ठेवला.

"फोरमननं सांगितलं होतं पाथरवटाला. डॉक्टरांनी आशा सोडलीय, पाथरवट उद्या गावाला जाणार, तर आत्ताच घालून टाक म्हणून. मी धावत परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले." मावशीचा आवाज आता कोरडा पडला होता. "त्या फोरमनला मी आजवर माफ केलं नाही. तो घरी आला होता, रडत. 'वहिनी, मला काही सुचत नव्हतं हो,' म्हणत होता. मी दार लावून घेतलं. त्यानं माझ्या माणसाला जिवंतपणी मेलेल्यांत धरलं. आणि देवाघरी कुणीतरी ते वाचलं."

मुलगा पलंगाच्या कडेपर्यंत सरकला. मग म्हणाला, "मला हे कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? तू त्या दगडावर हात फिरवायचास. बाबांचं नाव आहे म्हणून मित्रांना दाखवायचास."

"म्हणूनच तर मला वाटलं तुझंही असावं." त्यानं चष्मा काढून हातात धरला. "आई, तुला एक खरं सांगू? नाव सुचवायला मला अजून किती वर्षं होती. मी सावकाश विचार करणार होतो. पण तुझ्या झडपेचं कळलं ना, त्याच दिवशी घरी आल्या आल्या मी तुझं नाव लिहून पाठवलं. म्हटलं, उशीर झाला तर? म्हटलं, तू असतानाच... मला काही सुचत नव्हतं गं."

मावशीनं गर्रकन मान वळवली.

"म्हणजे तूही?" ती म्हणाली. "तूही मला आधीच घालवून बसलास?"

"तसं नाही गं—"

"बाहेर जा."

"आई, ऐक तरी—"

"बाहेर जा म्हणते ना!"

सुनेनं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. दार लागलं. दाराला काचेची उभी फट होती, तिच्यातून व्हरांड्यातलं बाक दिसे. मुलगा त्या बाकावर बसला. सून काहीतरी बोलत होती, तो ऐकत नव्हता. दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे टाकून बसला होता, जणू त्यांचं काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

मावशीनं माळ घेतली. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ टळून गेली होती. तिची प्रार्थना साधी असे. ओळखीच्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि देवाला म्हणायचं, याला सांभाळ. शेजारीण, डेपोतले जुने लोक, भाजीवाली, पोस्टमन, ज्यांची वस्तू तिनं परत केली आणि ज्यांचा चेहरा आठवतो असे कुणी कुणी. इतक्या वर्षांत एकच माणूस ती वगळत आली होती. देवालाही ते माहीत होतं. फोरमनचं नाव ओठांवर आलंच, तर ती मणी सोडून पुढे जाई.

आज तिनं मुलाचं नाव घेतलं, आणि ते ओठांतच अडकलं. रागानं तिचा श्वास लागला होता. तिनं काचेतून पुन्हा बाहेर पाहिलं. हा पोरगा तिच्या मरणाची वाट बघत होता का? छे. ती मरेल या भीतीनं त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हातात काहीच नव्हतं, झडप त्याला बसवता येत नव्हती, म्हणून जे जमत होतं ते त्यानं घाईघाईनं केलं होतं. त्यानं काही वाईट केलं नव्हतं. तो घाबरला होता, एवढंच.

आणि मग दुसरं तोंड डोळ्यांपुढे आलं. दारात उभा असलेला, नाक पुसणारा, ग्रीसनं काळ्या झालेल्या बोटांचा माणूस. वहिनी, मला काही सुचत नव्हतं हो. नवऱ्याबरोबर एका डब्यात जेवणारा तो. त्यालाही मित्राला वाचवता येत नव्हतं, खाली गेलेली बस पुलावर परत आणता येत नव्हती. पाथरवट उद्या जाणार होता आणि मित्राचं नाव राहून जाईल या धास्तीनं तो धावला होता.

मावशी देवाशी भांडली. असं नाही चालायचं, म्हणाली. मी इतकी वर्षं ज्याला पापी ठरवलं, त्याला आता एका दमात सोडू? पण मुलाला आत घ्यायचं, तर त्या माणसाला बाहेर ठेवता येत नव्हतं. दोघांनी तेच केलं होतं. एक गुन्हेगार असेल तर दुसराही होता, आणि मुलाला गुन्हेगार म्हणायला तिची जीभ उचलेना. छिन्नीनं नवरा गेला नव्हता. तो पुलावरून पडला होता.

तिनं डोळे मिटले आणि फोरमनचं नाव घेतलं. याला सांभाळ, म्हणाली. कुठे असेल तिथे. मग मुलाचं नाव घेतलं. ते सहज बाहेर आलं.

भीती गेली नव्हती.

सकाळी सिस्टर आली. मुलगा आणि सून तिच्या मागोमाग, रात्र बाकावर काढल्याचं दोघांच्याही कपड्यांवर दिसत होतं. सिस्टरनं विचारलं, "आजी, काय ठरलं? हो की नाही?"

मावशीनं मुलाकडे बघितलं.

"तो दगड आता कुठे आहे?" तिनं विचारलं.

"सूर्याच्या पलीकडे," तो चाचरत म्हणाला. "आत्ता दिसत नाही. दोनेक वर्षांनी पुन्हा रात्रीच्या आकाशात येईल. तेव्हाही नुसत्या डोळ्यांनी नाही, दुर्बिणीतून फोटो काढला तर एक ठिपका."

"तोवर हे टेकडीवर चढणं मला जमलं पाहिजे म्हणजे." तिनं सिस्टरकडे हात पुढे केला. "हो म्हणून सांगा डॉक्टरबाईंना. आणि तू असा उभा राहू नकोस, तोंड धू आधी. शर्टाचं बटण कुठे गेलं तुझं?"

ढकलगाडीवर निजवून तिला लांबच लांब व्हरांड्यातून नेलं. वरचे दिवे एकेक करून मागे जात होते. मुलगा गाडीची कड धरून बरोबर चालत होता. दाराशी त्याला थांबवलं, तेव्हा मावशीच्या ओठांवर कुणाकुणाची नावं चालली होती. तिनं त्याच्याकडे बघून मान हलवली, आणि दार बंद झालं.

ते दार लवकर उघडलं नाही. सुनेनं आणलेला चहा गार झाला, दुसरा आणला, तोही गार झाला. एकदा आतून कुणी धावत गेलं आणि मुलगा उभा राहिला, पण ते दुसऱ्याच पेशंटसाठी होतं. दुपार कलली तेव्हा डॉक्टरबाई टोपी काढत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "झडप बसली. आता वाट बघायची."

मावशीला बोलता यायला दुसरा दिवस उजाडला. घशातली नळी काढली होती, ओठ सुकून पापुद्रे आले होते. मुलाला एकट्याला आत सोडलं. पलंगाशी आल्यावर त्याचे डोळे भरून आले आणि तो एका श्वासात बोलत सुटला, की मी फोरमनकाकांचा पत्ता काढलाय, ते लेकीकडे असतात, बरे आहेत, आणि त्या दगडाचं तुला इतकं लागेल हे मला ठाऊक असतं तर मी कधीच—

मावशीनं दोन बोटं वर केली. तो थांबला आणि खाली वाकला.

"ते राहू दे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पाणी आण."